टिकरी मैदानावरचं वळण

आमच्या टिकरी मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची पायवाट एके ठिकाणी उगाच वळते. दक्षिणेकडच्या फाटकातून निघाली की ती सरळ बॅडमिंटनच्या कोर्टापर्यंत जायला हवी. मध्ये झाड नाही, खांब नाही, दगड नाही. तरी अर्ध्यावर ती डावीकडे झुकते, एका हिरव्या तुकड्याला वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते. मी जन्मभर सिंचन विभागात कालवे काढले. पाणी वळलं तर का वळलं, हे मी सांगू शकतो. माणसं का वळतात हे मात्र विचारावं लागतं, आणि बालाघाटात निवृत्त माणसानं काही विचारलं की लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

तरी मी विचारलं. सोबतचे फिरणारे म्हणाले, असंच. रोलर चालवणारा हिरालाल सगळं मैदान दाबून काढायचा आणि तेवढा तुकडा सोडायचा. त्याला विचारलं, तर त्याच्या आधीच्या ड्रायव्हरनं तसंच शिकवलं होतं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू तिथं गेला की ती कडेला उभं राहून बॅटनं ओढून घ्यायची. पाय कोणी ठेवत नव्हतं आणि का ठेवत नव्हतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे भर मे महिन्यात, बाकीच्या मैदानाची धूळ डोळ्यांत जात असताना, तेवढ्याच जागी गवत दाट होतं. मला ते गवत आवडेना. उन्हाळ्यात कोरड्या मैदानावर एकच जागा हिरवी असली तर खाली काहीतरी असतं.

एरवी मी ते सोडूनही दिलं असतं. पण उन्हाळी शिबिराच्या समारोपाला मुलींचा मनोरा त्याच तुकड्यावर रचायचं ठरलं होतं आणि मनोऱ्याच्या टोकावर माझी नात ऋता उभी राहणार होती. मुलगा आणि सून जबलपूरला नोकरीत, पोरीची शाळा इथली, म्हणून ती आम्हा म्हातारा-म्हातारीकडे राहते. अंगानं काडी, जिभेनं तिखट. तिला वर चढवायचं हे शिबिराच्या पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

मैदानाचा सगळा कारभार वार्डातल्या समितीकडे आहे. सकाळ फिरणाऱ्यांची, दुपार क्रिकेटवाल्यांची, संध्याकाळ मुलींची, दसऱ्याला रावण, थंडीत बालमेळा, सगळं ती ठरवते. अध्यक्ष देवेंद्र, त्याचं टाइल्सचं दुकान. मला त्याचा अतोनात राग आहे, म्हणून त्याच्याबद्दल चांगलं आहे ते आधी सांगून टाकतो. त्यानं मैदानावर दिवे आणले, मोडके झोपाळे दुरुस्त केले, शिबिर फुकट ठेवलं आणि प्रियंकासारखी चांगली खो-खो शिक्षिका शोधून आणली. ती लालबर्र्याहून रोज बसनं यायची. आता एवढं सगळं करणाऱ्या माणसाला समारोपाचे फोटो धुळीत नको होते, यात काय नवल. हिरवा तुकडा त्यानंच निवडला.

शेवटी मला उत्तर दिलं ते शांताबाईनं. फाटकाजवळ तिचं फुलांचं दुकान आहे आणि मैदानाला कुंपण नव्हतं तेव्हापासून ती तिथं राहते. मी शेवंतीचा पुडा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथं देव हायेत ना, बाबूजी," ती म्हणाली. "पाय नाई ठेवत तिथं."

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. तिथं विहीर होती. ती आटली. भंगलेली मूर्ती, तडा गेलेली तसबीर, जुनं देवाचं कॅलेंडर कचऱ्यात टाकवत नाही, नदी लांब पडते, म्हणून वार्डातल्या बायका ते सगळं त्या कोरड्या विहिरीत नेऊन सोडू लागल्या. वर्षानुवर्षं सोडलं. मग मैदान करायचं ठरलं तेव्हा, आत देव आहेत, त्यांच्या अंगावर मलबा कसा टाकायचा, म्हणून विहीर कोणी बुजवली नाही. तोंडावर सालवृक्षाची लाकडं आडवी टाकली, लाकडांवर मुरूम पसरला आणि हात जोडून सगळे घरी गेले. ज्यांनी हात जोडले ते बहुतेक वर गेले. पाय न ठेवायची सवय तेवढी खाली राहिली.

सालाचं लाकूड टिकाऊ असतं, पण मातीखाली, ओलीत, इतकी वर्षं? त्या तुकड्यावर आजवर काही झालं नव्हतं याचं एकच कारण होतं, की त्याच्यावर कोणाचं वजनच पडलं नव्हतं.

समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं. चांगलं समजावून सांगितलं, लाकूड कसं कुजतं, वजन कसं पडतं. देवेंद्रनं हसत ऐकून घेतलं.

"काका, तुमी टेन्शन काहून घेऊन राह्यले?" तो म्हणाला. "इतकी वर्षं काही झालं का? रोलर फिरते ना मैदानावर."

रोलर तिथंच फिरत नाही, हे मी सांगत होतो तोवर तो उठून बाहेर गेला, त्या तुकड्याच्या कडेला उभा राहिला आणि सगळ्यांदेखत पाय आपटून दाखवला. कडेला. समितीनं टाळ्या वाजवल्या. नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आलो, तर तिथं पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

घरी आलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. अलकनंदा, माझी बायको, लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. माझी सगळी आदळआपट करून झाल्यावर तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"तुमी विहीर विहीर करता," ती म्हणाली. "विहिरीले कोण भिते इथं? देवाले भितेत लोक. थांबा तुमी, मी पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शांताबाईच्या दुकानावर जाऊन बसली. फुलं घ्यायला येणाऱ्या बायकांना तिनं काही खोटं सांगितलं नाही. खाली आपल्या सासवा-आजेसासवांनी सोडलेले देव आहेत, एवढंच म्हणाली, आणि त्यांच्या डोक्यावर पोरी नाचवायच्या का, असं विचारलं. लाकडाबद्दल, खोलीबद्दल, कुजण्याबद्दल एक शब्द काढला नाही. संध्याकाळपर्यंत वार्डभर बातमी फिरली. दिवेलागणीला मुलींच्या आया देवेंद्रच्या दुकानात उभ्या होत्या आणि मनोरा बॅडमिंटन कोर्टाच्या बाजूला, धुळीत, हलवला गेला. मला बैठकीत आणि कचेरीत बोलून जे जमलं नाही ते हिनं फुलांच्या दुकानावर बसून केलं. सिंचन विभाग हरला, असं ती मला पुढे आठवडाभर ऐकवत होती.

मनोरा छान झाला. ऋता सगळ्यांच्या वर उभी राहिली, तिनं दोन्ही हात पसरले आणि खाली बघून आजीला डोळा मारला. मी जिलेबी मागून घेतली. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर प्रियंका माझ्याजवळ आली. झालं ते बरं झालं म्हणाली, पण तिचा चेहरा मोकळा नव्हता.

"काका, तिथं दोरी बांधा आता," ती म्हणाली. "अन् पाटी लावा. विहीर आहे म्हणून लिहा. देव आहेत म्हणून नोका लिहू."

मला तिचं पटलं. मी समितीकडे दोरी आणि पाटी मागितली. समितीनं दोरीऐवजी विटांची गोल कड करून दिली, कारण ती शोभून दिसते. विटांना गेरू आणि चुना लागला. मग एका सकाळी मधोमध नारळ दिसला. मग एक भगवा झेंडा. मी रोज फिरायला जायचो आणि रोज तिथं आदल्या दिवसापेक्षा काहीतरी जास्त असायचं. पावसाळा लागायच्या सुमारास कोणीतरी ट्रॅक्टरनं महादेवाची पिंड आणली, अख्ख्या काळ्या दगडाची, आणि फळीवरून सरकवत मधोमध बसवली. ती बसवताना मी तिथं होतो, नको नको म्हणत होतो. पिंड टेकली तेव्हा खालून एक आवाज आला, घरात बंद खोलीत कोणी पाट टेकवावा तसा. लोक म्हणाले, देवानं हुंकार दिला.

आमच्या गावात हिंदीवाल्यांचा सावन आधी लागतो आणि आपला श्रावण पंधरवड्यानं मागून येतो. दोन्ही मिळून सोमवारांना अंतच नसतो. वार्डातल्या बायका तांबे घेऊन रांगेनं यायच्या आणि पिंडीवर पाणी वाहायच्या. एवढं पाणी वाहिलं जायचं, पण विटांच्या बाहेर एक ओघळ यायचा नाही. पाऊस पडून गेला की मैदानभर डबकी साचायची, पोरं त्यात उड्या मारायची, आणि त्या गोलात मात्र सगळं पाणी मुकाट्यानं खाली जायचं. महादेव पिऊन राह्यला, असं बायका म्हणायच्या. परसवाड्याहून माणसं बघायला येऊ लागली. मी वाकून कान लावला तेव्हा मला पाणी पडताना ऐकू आलं, खूप खाली.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

अलकनंदा सोमवार करणारी बाई, पहिल्या सोमवारी तीही तांब्या घेऊन गेली होती. त्या आवाजाचं मी सांगितलं तशी तिनं तांब्या पालथा घालून ठेवला. मग पुन्हा शांताबाईच्या दुकानावर गेली आणि या वेळी सगळं सांगितलं. खाली विहीर आहे, पोकळ आहे, लाकडं कुजली आहेत, जाऊ नका. बायकांनी मन लावून ऐकलं. हौ ना काकू, देवाचीच विहीर आहे, तुमीच तं आमाले दाखवली, असं म्हणून एकीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. ती घरी आली ती रडतच.

मी देवेंद्रच्या दुकानात गेलो. तो तरी दुसरं काय करणार होता? लोकांच्या श्रद्धेला आता हात कोण लावेल, असं त्यानं मलाच विचारलं, आणि वर बातमी दिली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी समिती कलशयात्रा काढणार होती. शिबिरातल्या सगळ्या मुली पिवळ्या ओढण्या घेऊन, डोक्यावर वैनगंगेच्या पाण्याचे कलश घेऊन मैदानावर येणार आणि पिंडीभोवती उभ्या राहून सगळ्या एकदम पाणी ओतणार. ऋताचं नाव त्यात होतंच. ज्या पोरींना आम्ही देवाचं नाव सांगून तिथून हलवलं होतं, त्याच पोरी आता देवाचं नाव घेऊन तिथं उभ्या राहणार होत्या.

मी प्रियंकाला फोन केला. तिनं समितीला सांगायचा प्रयत्न केला होता.

"मी बोलली तं म्हणतीन, हिले देव नाई पाह्यजे," ती म्हणाली. "आमच्या घरी बाबासाहेब अन् बुद्ध. माझ्या तोंडून कोण ऐकते काका? तुमच्यातल्याच कोणीतरी बोलाले पाह्यजे."

यात्रेच्या आदल्या दिवशी मी अलकनंदाला म्हणालो, आपण ऋताला घरी ठेवू. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मी हे म्हणालो, आणि त्या क्षणी मनापासून म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाकीच्या पोरी कोणाच्या आहेत?" तिनं विचारलं.

सोमवारी सकाळी ऋताला बजावून घरी बसवलं. पण मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, ढोल वाजला, मैत्रिणींनी हाका मारल्या. मी अंघोळीहून बाहेर आलो तेव्हा खुंटीवरची पिवळी ओढणी नव्हती. अलकनंदा ओट्याशी होती. तिनं गॅस बंद केला आणि आम्ही निघालो, जमेल तेवढ्या वेगानं.

मैदानावर माणसंच माणसं होती. बाहेर, फाटकापाशी, चपलांचा ढीग पडला होता. विटांच्या कडेच्या आत मुली गोल उभ्या राहत होत्या, डोक्यावर कलश, आणि त्यांच्या मागे आया, आत्या, आज्या. ऋता पिंडीच्या अगदी जवळ होती. मंत्र सुरू झाले होते. मी ओरडायला लागलो, पण भोंग्यापुढे माझा आवाज कुठला पोचतो. देवेंद्रनं मला बघितलं आणि हातानं थांबा अशी खूण केली. पिंडीभोवतीच्या मातीत मला एक भेग दिसली. ती विटांबरोबर गोल फिरत गेली होती, कोणी काडीनं आखल्यासारखी.

माझ्या हातातून अलकनंदाचा हात सुटला. तिनं चपला काढल्या नाहीत. गर्दीतून वाट काढत ती थेट विटा ओलांडून आत गेली, चिखलानं भरलेल्या चपलांनी पिंडीपर्यंत गेली आणि डावा पाय उचलून पिंडीवर ठेवला.

भोंगा थांबला. मग बायकांनी एकदम तोंडावर हात ठेवले. पूजा बाटली, असं कोणीतरी म्हणालं. आयांनी आपापल्या पोरींना दंडाला धरून मागे ओढलं, कलश आपटले, पाणी सांडलं, गोल मोडला. जो तो विटांच्या बाहेर सरकला. त्या बाटलेल्या जागेवर उभं राहायला कोणी तयार नव्हतं. फक्त ऋता तशीच उभी होती, रडवेली, आजीकडे बघत.

"बेटा, आबांकडे जा," अलकनंदा म्हणाली. शाळेच्या वेळेला सांगायची तशी, साध्या आवाजात. "हळू जा. पळू नको."

ऋता आली. मी तिला उचललं. माझ्याच्यानं ती उचलली जात नाही आता, पण उचललं.

लोक चिडून ओरडत होते, बाहेर या म्हणत होते. देवेंद्रनं दोन बायकांना तिला हाताला धरून आणायला सांगितलं. अलकनंदानं आपल्या पायांकडे, रुंदावत चाललेल्या भेगेकडे पाहिलं, मग हात वर केला आणि म्हणाली, "कोणी येऊ नोका." तिनं पिंडीवरचा पाय उचलून अलगद खाली टेकवला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सिंचन विभागाला चिडवणारं काहीतरी होतं, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात विटांची कड आतल्या बाजूला कलली आणि पिंड, झेंडा, ती, सगळं एकदम खाली गेलं. मोठा आवाजही झाला नाही.

तिला वर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. तिच्यासोबत दोरांना अडकून काचेच्या तसबिरी वर येत होत्या, मातीचे गणपती, कोणाच्या तरी लग्नातली पितळेची अन्नपूर्णा. बायका ते सगळं पदरानं पुसून बाजूला ठेवत होत्या.

मला वाटलं होतं, आता तरी लोकांना कळेल. कळलं की. तेराव्याच्या आत सगळ्या वार्डाला कळलं की अलकनंदाकाकू चप्पल घालून देवावर गेल्या आणि देवानं त्यांना ओढून घेतलं. इतक्या जणांतून एकट्या त्याच गेल्या, याहून मोठा पुरावा तो कोणता? माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. मी आलो की बोलणं थांबतं आणि तब्येतीची चौकशी होते.

विहीर बुजवा म्हणून मी समितीपुढे हात जोडले. देवेंद्र खचला होता, माझ्याशी नजर मिळवत नव्हता, पण खाली अजून देव राहिले आहेत, त्यांच्यावर मलबा टाकू द्यायला बायका तयार नाहीत, म्हणाला. यावेळी लाकडं नकोत, चांगल्या फरशा टाकू, असं त्यानं मला समजावलं. त्याच्याच दुकानातून आल्या फरशा. त्यांच्यावर मुरूम पसरला. प्रियंका आणि मी चहूबाजूंनी दोरी बांधली, पाटी लावली, विहीर आहे असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. पाटी अजून आहे. तिला कोणीतरी हार घालून जातं.

परवा ऋता माझ्याबरोबर फिरायला आली. वळणापाशी थांबली. शाळेतल्या मुली काय म्हणतात ते तिच्या पोटात बरेच दिवस असावं.

"आबा," ती म्हणाली, "सगळे बोलून राह्यले, आजी चप्पल घालून गेली म्हणून देवानं तिले नेलं. सच में?"

मला राग आला. मग ती केवढीशी आहे ते दिसलं.

"आजी चप्पल घालून गेली," मी म्हणालो, "म्हणून तू बाहेर आली."

तिनं माझं बोट धरलं. समोरून हिरालाल रोलर घेऊन येत होता. त्या तुकड्यापाशी आल्यावर त्यानं कपाळाला हात लावला आणि रोलर डावीकडे वळवला.